पहिल्या वेताचं दूध

एकाच समुद्रातले, एकच मासे खाऊन वाढलेले दोन सील घ्या. एक नर, एक मादी, दोघांचं वय सारखं. दोघांच्या कातडीखालच्या चरबीचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यात डीडीटी आणि पीसीबी किती आहे ते मोजलं, तर आकडे जुळत नाहीत. नर जितका म्हातारा तितका त्याचा आकडा मोठा. मादीचं तसं नाही. वयात येईपर्यंत ती नराच्या बरोबरीने चढते, मग तिचा आकडा एका जागी थबकतो, कधी कधी चक्क खाली येतो. कॅनडातल्या ॲडिसन आणि स्मिथ या जोडीने १९७४ साली आर्क्टिकमधल्या रिंग्ड सीलबद्दल हे छापलं. त्याच्या आगेमागे इतर सागरी सस्तन प्राण्यांतही असंच दिसत गेलं.

आता ही रसायनं अशी की शरीरात ती सहजी तुटत नाहीत आणि लघवीतून जवळपास जातच नाहीत. मग मादीच्या अंगातली गेली कुठे?

उत्तर तुम्हाला सुचलं असेलच. पिल्लात गेली. पण विज्ञानाला हे उत्तर नीट, आकड्यांनिशी मांडायला बरीच वर्षं लागली. आणि मांडून झाल्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली, जिच्याशी माझ्या विषयातली मंडळी अजूनही झगडताहेत. आजचा लेख त्याबद्दल.

आधी नावाचा घोळ मिटवू. या रसायनांना इंग्रजीत 'पर्सिस्टंट ऑरगॅनिक पोल्युटंट्स' म्हणतात, थोडक्यात 'पॉप्स' किंवा पीओपी. मी पीओपीवर पीएचडी करते असं सांगितलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना मी गणपतीच्या मूर्तींवर काम करते असं वाटतं! त्यामुळे इथे आपण त्यांना टिकाऊ प्रदूषकं म्हणू. डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन, एचसीएच ही त्यातली जुनी, नामांकित मंडळी. यांच्या रेणूंवर क्लोरीनचे अणू अशा पद्धतीने चिकटलेले असतात की यकृतातल्या विकरांना त्यांना तोडणं जड जातं. दुसरा गुण म्हणजे ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. तुपाचा हात नुसत्या पाण्याखाली धरून बघा, काय होतं ते. रक्तात आलेलं हे रसायन चरबी शोधतं आणि तिथे मुक्काम ठोकतं.

आणि सस्तन प्राण्याच्या मादीला दूध येतं. दुधात स्निग्धांश असतो, आणि त्यातला बराचसा आईने अंगात साठवलेल्या चरबीतून येतो. चरबी निघाली की तिच्यात मुरलेलं रसायनही निघतं. संपूर्ण यंत्रणा एवढीच आहे. खरं तर कुठल्याही गवळ्याला पटेल इतकी साधी.

साधी होती म्हणूनच ती फार लवकर दिसलीसुद्धा होती. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांना १९३९ साली सापडला. दुसऱ्या महायुद्धात टायफस आणि मलेरियावर तो धो धो वापरला गेला आणि १९४५ मध्ये अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आला. त्याच १९४५ सालात 'सायन्स' या नियतकालिकात दोन छोटे लेख आले. एकात डीडीटी दिलेल्या पांढऱ्या उंदरांच्या आणि शेळ्यांच्या दुधातून विषबाधा पुढे जाते असं दाखवलं होतं. दुसऱ्यात डीडीटी दिलेल्या कुत्र्यांच्या चरबीत ते साठतं आणि कुत्रीच्या दुधात उतरतं असं होतं. म्हणजे माल दुकानात आला त्याच वर्षी, तो आईच्या दुधातून पिल्लात जातो हे छापून आलेलं होतं. म्युलर यांना नोबेल मिळालं १९४८ साली, म्हणजे यानंतर तीन वर्षांनी.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या संशोधकांनी वॉशिंग्टन शहरातल्या ३२ कृष्णवर्णीय बायकांचं दूध तपासलं. डीडीटीच्या कारखान्यात काम करणाऱ्या किंवा शेतात फवारणी करणाऱ्या या बायका नव्हत्या, साध्या शहरात राहणाऱ्या होत्या. जवळजवळ सगळ्यांच्या दुधात डीडीटी निघालं. बाजारात येऊन सहा वर्षं झाली होती, फक्त सहा.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं की पुढच्याच वर्षी मोठा गदारोळ झाला असेल. तसं काही झालं नाही. त्या काळचा विचार मात्रेचा होता: किती मिलिग्रॅम पोटात गेलं म्हणजे माणूस आजारी पडतो? दुधातलं प्रमाण त्या हिशोबात फारच थोडं होतं, बाळं ठणठणीत दिसत होती, आणि दुसरीकडे मलेरियाने माणसं मरत होती. आपल्याकडेही राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला तो डीडीटीच्याच जोरावर. घराच्या भिंतींवर पांढरे पट्टे उमटवून जाणारे फवारणीवाले आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगले आठवतात. त्या फवारणीने असंख्य जीव वाचले, हे विसरून हा इतिहास लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. पण दूध हा त्या रसायनाचा एका पिढीतून पुढच्या पिढीत जाण्याचा रस्ता आहे, हा विचार मात्र प्रयोगशाळेतल्या शेळ्या-उंदरांपाशीच थांबून राहिला.

तो बाहेर पडला स्वीडनमध्ये, आणि तोही चुकून. सोरेन येन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ १९६४ पासून स्टॉकहोममध्ये डीडीटी मोजत होते. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर प्रत्येक रसायनाचं एक टोक, एक शिखर उमटतं. येन्सेन यांच्या आलेखांवर डीडीटीच्या शिखरांबरोबर आणखी काही अनोळखी शिखरं येत होती. माशांत ती होती, पांढऱ्या शेपटीच्या गरुडात तर भरपूर. नवं कीटकनाशक असेल म्हणावं, तर त्यांनी संग्रहालयातली गरुडाची १९४४ सालची पिसं तपासली आणि त्यातही ती शिखरं निघाली. त्या वर्षी डीडीटीचाच वापर अजून पसरलेला नव्हता. बराच माग काढल्यावर कळलं की ही पीसीबी आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, कपॅसिटरमध्ये, रंगांत वापरली जाणारी, १९२९ पासून कारखान्यात बनणारी. ही शेतात कोणी फवारली नव्हती. तरी ती गरुडापर्यंत पोचली होती.

१९६६ मध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा त्यात एक घरगुती तपशील होता. येन्सेन यांनी स्वतःचे, बायकोचे आणि तान्ह्या मुलीचे केसही तपासले होते. मुलगी पाच महिन्यांची. तिने ना मासे खाल्ले होते, ना कारखाना पाहिला होता. तिच्या केसांतही पीसीबी होतं. ते आईच्या दुधातून आलं असणार, असा निष्कर्ष येन्सेन यांनी काढला. पुढच्या सगळ्या संशोधनाचा प्रश्न त्या एका केसाच्या नमुन्यात होता असं मला वाटतं, फक्त त्याचा हिशोब मांडायला माणसापेक्षा सोपा प्राणी हवा होता.

तो प्राणी म्हणजे सील. का, ते सांगते. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापासून दूर सेबल आयलंड नावाचं वाळूचं एक लांबट बेट आहे. तिथे ग्रे सीलच्या माद्या विण्यासाठी येतात. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १५ किलोचं असतं. पुढचे अडीच आठवडे मादी त्याला पाजते आणि या काळात ती स्वतः जवळजवळ काहीही खात नाही. डेअरीत आपल्या म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागली तर मालक खूश होतो. ग्रे सीलच्या दुधाला पन्नास-साठ लागते! अडीच आठवड्यांत पिल्लू तिप्पट होतं आणि आई अक्षरशः वितळते. मग ती निघून जाते आणि पिल्लू आपल्या चरबीवर एकटं पडून राहतं. आईने बाहेरून काही घेतलं नाही, पिल्लाने दुधाशिवाय काही घेतलं नाही. हिशोबासाठी याहून स्वच्छ खातेवही निसर्गात शोधून सापडणार नाही.

ॲडिसन आणि ब्रॉडी यांनी १९७७ साली याच बेटावरच्या आईची चरबी, तिचं दूध आणि पिल्लाची चरबी अशी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून मोजली. आईकडून पिल्लाकडे माल सरकतोय हे स्पष्ट दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, जी पुढे अनेक प्राण्यांत खरी ठरली. सगळी रसायनं सारख्या सहजतेने सरकत नाहीत. डीडीटी गटातली तुलनेने मोकळेपणाने दुधात उतरतात, पीसीबी जरा कां-कूं करतात, आणि त्यातही ज्यांच्यावर क्लोरीन जास्त ती आईच्या चरबीत मागे राहतात. त्यामुळे पिल्लाला मिळणारं मिश्रण हे आईच्या मिश्रणाची हुबेहूब नक्कल नसतं, त्याला चाळणी लागलेली असते.

सीलनंतर डॉल्फिन. जपानच्या एहिमे विद्यापीठातले रियो तात्सुकावा आणि शिन्सुके तानाबे यांनी, जपानच्या किनाऱ्यावर खाण्यासाठी मारल्या जाणाऱ्या पट्टेरी डॉल्फिनचे नमुने घेऊन अख्ख्या शरीराचा ताळेबंद मांडला. फक्त चरबीचा नाही, तर स्नायू, यकृत, मेंदू, सगळ्याचा. गाभण मादी आणि तिच्या पोटातला गर्भ यांची तुलना करून १९८२ मध्ये त्यांनी दाखवलं की वारेतून गर्भात जाणारा वाटा आईच्या एकूण साठ्याच्या चार ते नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. मोठा ऐवज जातो तो जन्मानंतर, दुधातून.

आणि मग येतो तो मुद्दा, ज्यावरून मी या लेखाला नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर समुद्रस्नान करणाऱ्यांना शार्कपासून वाचवण्यासाठी जाळी लावतात. त्यात डॉल्फिनही अडकून मरत. व्हिक कॉकक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी त्या मेलेल्या बॉटलनोज डॉल्फिनची वयं आणि प्रदूषकं जुळवून १९८९ मध्ये अंदाज दिला: पहिल्यांदाच विणारी मादी आपल्या साठ्यापैकी सुमारे ८० टक्के पहिल्या पिल्लाला देऊन टाकते.

पहिलारू गाय किंवा म्हैस घेताना आपल्याकडे लोक जरा विचार करतात, दूध कमी देईल का, लाथ मारेल का. इथे पहिल्या वेताचा अर्थ वेगळाच आहे. वयात येईपर्यंतच्या सात-आठ-दहा वर्षांत मादीने माशांतून जे गोळा केलं, ते सगळं साठून राहिलेलं असतं. पहिलं पिल्लू येतं आणि ती तिजोरी त्याच्यावर रिकामी होते. दुसऱ्या पिल्लाच्या वाट्याला येतं ते मधल्या दोन-तीन वर्षांत जमलेलं. तिसऱ्याला तेवढंच. भावंडांत असा विषम वारसा वाटणारी दुसरी कुठली व्यवस्था मला माहीत नाही. शिवाय पिल्लू लहान असतं, म्हणजे तोच माल कमी किलोंमध्ये दाटीने बसतो. पुढे ते वाढतं तसं प्रमाण विरळ होतं, पण मेंदू आणि प्रतिकारशक्ती घडण्याचे दिवस त्या दाटीतच गेलेले असतात.

फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरातले डॉल्फिन १९७० पासून अभ्यासात आहेत, कोण कोणाची आई, कोण कितवं पिल्लू हे तिथल्या संशोधकांना माहीत असतं. रँडल वेल्स यांच्या गटाने २००५ साली मांडलं की तिथे पहिल्या पिल्लांत प्रदूषकांचं प्रमाण नंतरच्या पिल्लांहून जास्त असतं आणि पहिली पिल्लं जगण्याची शक्यताही कमी असते. इथे लगेच बोट ठेवून 'पीसीबीने मारलं' म्हणायचा मोह होतो. पण पहिल्या वेळची आई वयाने लहान असते, अननुभवी असते, पिल्लाला शार्कपासून सांभाळायचं कसं हेही ती शिकतच असते. दोन्ही कारणं एकाच पिल्लात एकत्र येतात. ती वेगळी काढणं सोपं नाही, आणि वेल्स यांनीही तसा दावा केलेला नाही.

जाता जाता निळ्या देवमाशाची गंमत सांगायलाच हवी. याच्या कानात मळाचा लांबट खडा तयार होतो, त्यात झाडाच्या खोडासारखे थर असतात, साधारण सहा महिन्यांचा एक. २००७ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ जहाजाची धडक बसून मेलेल्या एका नराच्या कानातला हा खडा थराथराने तपासून २०१३ मध्ये त्याच्या आयुष्याची नोंद वाचली गेली. टिकाऊ प्रदूषकांचा मोठा भरणा दिसला तो आयुष्याच्या पहिल्या वर्षाच्या थरांत, म्हणजे आईकडून आलेला. कानातला मळ हा काही लोकांना दाखवायचा पुरावा नव्हे, पण काय पुरावा आहे!

आता थोडं मागे, वारेकडे जाऊ. कारण दूध मोठा रस्ता आहे म्हणून वार बिनमहत्त्वाची ठरत नाही, आणि हा धडा माणसांनी दिला, फार महाग पडून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांचा सर्वसाधारण समज होता की वार ही भिंत आहे, आईच्या अंगातलं विष ती गर्भापर्यंत जाऊ देत नाही. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीत चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा जात होता, मासे खाणारे कोळी आजारी पडत होते, हे १९५६ पासून माहीत होतं. त्याच वस्तीत मेंदूचा विकार घेऊन जन्मलेली मुलंही होती. त्यांनी मासे खाल्लेलेच नव्हते, म्हणून त्यांना 'सेरेब्रल पाल्सी' म्हणून वेगळं काढलं जात होतं. मासाझुमी हारादा हे तरुण डॉक्टर घरोघर फिरत असताना एका आईने त्यांना आपली दोन मुलं दाखवली. दोघांची लक्षणं सारखी. एकाला मिनामाताचा रोग, दुसऱ्याला म्हणे पाल्सी. तिचा प्रश्न साधा होता: मासे मी खाल्ले, हा माझ्या पोटात होता, मग हा वेगळा कसा? १९६२ मध्ये जन्मजात मिनामाता रोग अधिकृतपणे मान्य झाला. मिथिल पारा चरबीत राहत नाही, प्रथिनांच्या घटकाला चिकटून तो वार ओलांडतो, आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्ताहूनही जास्त निघतं. कित्येक आयांना स्वतःला फारशी लक्षणं नव्हती.

पुढे हारादांना पुरावाही मिळाला तो घराघरांतून. आपण नाळ पुरतो, आणि मग आयुष्यभर 'माझी नाळ तिथे पुरली आहे' म्हणतो. जपानी घरांत वाळलेल्या नाळेचा तुकडा छोट्या लाकडी डबीत जपून ठेवतात. मिनामाताच्या कुटुंबांनी त्या डब्या उघडून दिल्या. निशिगाकी आणि हारादा यांनी त्यातला पारा मोजून १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. जन्मवर्षाप्रमाणे नाळा मांडल्या, तर पाऱ्याचा चढउतार कारखान्याच्या उत्पादनाच्या चढउताराबरोबर जात होता.

पीसीबीच्या बाबतीत असा धडा १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये मिळाला. भाताच्या कोंड्याच्या तेलात यंत्रातलं पीसीबी गळलं आणि हजारो लोकांनी ते तेल खाल्लं. या 'युशो' प्रकरणात काही बायकांना काळसर तपकिरी कातडीची बाळं झाली. १९७९ मध्ये तैवानमध्ये जवळपास तोच अपघात पुन्हा घडला. तिथल्या मुलांचा पाठपुरावा झाला तेव्हा कळलं की आईने ते तेल खाल्ल्यानंतर पाच-सहा वर्षांनी जन्मलेली मुलंही बौद्धिक चाचण्यांत मागे पडत होती. हे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं वाटतं. आपल्याकडे दिवस राहिले की पपई नको, अमुक नको, तमुक नको सुरू होतं. टिकाऊ प्रदूषकांना नऊ महिन्यांचं पथ्य पुरत नाही. बाळाला मिळतं ते आईने त्या महिन्यात खाल्लेलं नसून तिने लहानपणापासून साठवलेलं असतं, आणि त्यातला पहिला हप्ता तिला तिच्या आईनेच दिलेला असतो.

मग दूध पाजायचं की नाही? हा प्रश्न मला प्रत्येक लग्नसमारंभात विचारला जातो, त्यामुळे इथेच सांगून टाकते. पाजायचं. अमेरिकेत मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या आयांची मुलं जेकबसन दांपत्याने जन्मापासून अकराव्या वर्षापर्यंत तपासली. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की बुद्ध्यंकातली घट जोडलेली दिसते ती जन्माआधी पोटात झालेल्या संपर्काशी. दुधातून कितीतरी जास्त पीसीबी मिळूनसुद्धा दुधाशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे माल जास्त दुधातून जातो, पण घाव बसतो तो वारेतून गेलेल्या थोड्या मालाचा, कारण तेव्हा मेंदूचा पाया भरला जात असतो. दूध बंद करून तो वार परत येत नाही, दुधाचे फायदे तेवढे जातात.

हाच पेच आर्क्टिकमध्ये उभा राहिला. क्युबेकचे डॉक्टर एरिक देवाई यांना दक्षिण क्युबेकमधल्या आयांच्या दुधाशी तुलना करायला 'स्वच्छ' दूध हवं होतं, म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी उत्तरेकडच्या इनुइट आयांचे नमुने घेतले. ना कारखाने, ना शेती. निघालं उलटंच: इनुइट दुधात पीसीबी दक्षिणेच्या सुमारे पाचपट होतं. हवेतून थंड प्रदेशाकडे सरकणारी ही रसायनं तिथल्या सील आणि बेलुगाच्या चरबीत साठत होती आणि तीच चरबी इनुइटांच्या जेवणात होती. सीलच्या पिल्लाचा हिशोब आणि इनुइट बाळाचा हिशोब एकाच वहीत आला. पुढे टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बोलणी चालू असताना शीला वॉट-क्लुटिए यांनी इनुइट आई आणि बाळाची कोरलेली छोटी मूर्ती भेट दिली, आणि ती वाटाघाटींच्या अध्यक्षांच्या टेबलावर राहिली. करार २००१ मध्ये स्टॉकहोमला झाला, भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला. डीडीटी मलेरियासाठी वापरायची मुभा त्यात ठेवलेली आहे.

बंदीचा उपयोग होतो का? होतो, आणि तेही दुधातच दिसलं. स्टॉकहोममध्ये आयांनी दान केलेलं दूध वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं होतं. कोइदू नोरेन यांनी ते तपासलं तेव्हा १९७२ पासून पीसीबी आणि डीडीटी सतत उतरताना दिसले. त्याच बाटल्यांत १९७२ ते १९९७ या काळात दुसरं एक रसायन, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू पेटू नयेत म्हणून घातलं जाणारं पीबीडीई, दर पाच वर्षांनी दुप्पट होत होतं. ते कोणी शोधतच नव्हतं.

आता सुरुवातीला म्हटलेल्या अडचणीकडे येते. १९७० च्या दशकात बाल्टिक समुद्रातल्या रिंग्ड सीलच्या बऱ्याच माद्यांची गर्भाशयं आतून बुजलेली सापडली. हेले, ओल्सन आणि तेच येन्सेन यांनी १९७६ मध्ये दाखवलं की अशा माद्यांच्या चरबीत पीसीबी गाभण माद्यांपेक्षा जास्त आहे. सरळ दिसतं ना, पीसीबीने वांझ केलं? थांबा. जी मादी विणार नाही तिला दूध येणार नाही, जिला दूध येणार नाही तिचा माल बाहेर पडणार नाही. म्हणजे ती पीसीबी जास्त म्हणून वांझ, की वांझ म्हणून पीसीबी जास्त? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. मादीचा आकडा वाचायचा तर तिचं आयुष्य माहीत हवं: किती वेळा व्याली, किती पिल्लं पाजली, शेवटचं कधी.

ही गाठ थोडी सोडवली नेदरलँड्सच्या पीटर रेइंडर्स यांनी. टेक्सेल बेटावर बंदिस्त ठेवलेल्या हार्बर सीलच्या माद्यांचे त्यांनी दोन गट केले. एकाला प्रदूषित वाडन समुद्रातले मासे, दुसऱ्याला अटलांटिकमधले स्वच्छ मासे, जवळपास दोन वर्षं. १९८६ मध्ये निकाल छापला: वाडनचे मासे खाणाऱ्या गटात पिल्लं निम्म्याहून कमी झाली. इथे कारण आधी, परिणाम नंतर हा क्रम हातात होता. पण असा प्रयोग किलर व्हेलवर कोण करणार?

किलर व्हेलमध्ये हा सगळा हिशोब सर्वात मोठ्या आकड्यांत दिसतो, कारण त्यातले काही कळप सीलच खातात. पीटर रॉस यांनी २००० साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा सीलखाऊ किलर व्हेलचे आकडे दिले: नरांत चरबीच्या किलोमागे सरासरी २५१ मिलिग्रॅम पीसीबी, माद्यांत साधारण ५९. मधला फरक पिल्लांत गेलेला. सागरी सस्तन प्राण्यांच्या शरीरावर परिणाम सुरू होण्याची जी खूण संशोधक वापरतात ती ९ मिलिग्रॅमची आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर एक किलर व्हेल मादी मरून पडलेली सापडली. दोरांत अडकून ती मेली होती. तिच्या अंगावरच्या खुणांवरून ती ओळखीची निघाली: लुलू, ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अगदी छोट्या कळपातली. वय किमान वीस. तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होतं, किलर व्हेलमध्ये नोंदलेल्या सर्वात मोठ्या आकड्यांपैकी एक, आणि तेही मादीत. अंडाशय तपासल्यावर ती कधीच व्याली नसल्याचं दिसलं. वयात येऊन बरीच वर्षं झालेली, तरी अंडाशय निष्क्रिय.

वरचा प्रश्न तिच्या बाबतीत तसाच लटकतो. ९५७ हा आकडा तिला पिल्लू न होण्याचं कारण असेल, पिल्लू न झाल्याचा परिणामही असेल, बहुधा दोन्ही एकमेकांना ढकलत गेले असतील. तिच्या कळपावर वीसहून अधिक वर्षं नजर आहे, आणि त्या काळात एकाही पिल्लाची नोंद नाही. गेल्या काही वर्षांत त्या कळपातले दोघंच पुन्हा पुन्हा दिसतात, जॉन को आणि ॲक्वेरियस. दोघेही नर आहेत.